चव्वेचाळीस अब्जांचं 'नाही'

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात टाउनहॉल झाला. एरवी टाउनहॉल म्हणजे सामोसे आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. या वेळी सामोसे नव्हते, तेव्हाच शंका आली होती. आमच्या सीईओनं आडवळण न घेता सांगून टाकलं, की आपल्याच धंद्यातली एक मोठी कंपनी आपल्याला विकत घ्यायला तयार होती, आणि आपण तिला 'नाही' कळवलं आहे. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. मग खाली टपरीवर चहा घेताना टीममधला एकजण म्हणाला, "झालं! आपलं याहू झालं." सगळे खो खो हसले.

याहूचा हा विनोद तुम्हालाही माहीत असेलच. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं याहूला ४४.६ अब्ज डॉलर देऊ केले. याहूनं नाक मुरडलं. २०१७ मध्ये तीच याहू व्हेरायझनला ४.४८ अब्जांना गेली. म्हणजे सरळ एक दशमांश! लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये, असं आजी म्हणायची त्याचं सिलिकॉन व्हॅलीतलं उदाहरण.

मी हसलो खरा, पण पोटात थोडं गलबललं. वाकडला फ्लॅट बुक केलाय, आणि मनातल्या मनात ईसॉपचे आकडे गुणून त्याचे दोन-तीन हप्तेही भरून झाले होते. तेव्हा म्हटलं, या शनिवार-रविवारी बसून ही याहूची भानगड एकदा नीट वाचून काढू. वाचल्यावर लक्षात आलं, की विनोदातले दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि विनोद तरीही चुकीचा आहे. कसा, ते सांगतो.

आधी थोडं याहूबद्दल. आमच्या घरात इंटरनेट आलं ते याहूच्या नावानं. माझा मावसभाऊ, दादा, सांगलीत इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत गेलो की तो मला सायबर कॅफेत न्यायचा. प्लायवूडच्या खुराड्यात एकच खुर्ची, अर्धीवर तो, अर्धीवर मी, आणि समोर याहू मेसेंजर. पलीकडच्यानं 'बझ' केलं की सगळी खिडकी थरथरायची, तेवढंच बघायला मी जायचो. बाबांचा पहिला आणि शेवटचा ईमेलही याहूचाच. बँक, एलआयसी, गॅस, सगळीकडे तोच दिलेला आहे. बदला म्हटलं की म्हणतात, "चाललंय ना? मग?"

तर जेरी यांग आणि डेव्हिड फिलो हे स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी. १९९४ मध्ये त्यांनी आवडत्या वेबसाइट्सची एक यादी बनवली, विषयवार लावलेली. तिचंच पुढं याहू झालं. १९९५ मध्ये कंपनी, १९९६ मध्ये शेअर बाजारात. जानेवारी २००० मध्ये शेअरचा भाव (नंतरच्या विभाजनाचा हिशेब धरून) शंभर डॉलरच्या वर होता, आणि सप्टेंबर २००१ मध्ये पाचच्या खाली. डॉटकॉमचा फुगा फुटला म्हणतात, तो असा फुटला.

पण याहू त्यातून वाचली. ती अडकली ती सर्चमध्ये. २००० ते २००४ याहूच्या पानावर सर्च केलं तर निकाल यायचे ते चक्क गूगलचे. स्वतःच्या ओट्यावर दुसऱ्याला दुकान मांडू दिल्यासारखं. पुढं जाग आल्यावर याहूनं इंकटोमी घेतली, ओव्हर्चर घेतली, स्वतःचं सर्च उभं केलं, जाहिरातींसाठी 'पनामा' नावाची नवी सिस्टिम लिहिली. पण २००७ साली याहूचं उत्पन्न सुमारे ७ अब्ज डॉलर होतं आणि गूगलचं साडेसोळा अब्जांच्या वर. त्या वर्षाच्या शेवटी अमेरिकेतल्या सर्चमध्ये गूगल साधारण ५८ टक्के, याहू २३ आणि मायक्रोसॉफ्ट जेमतेम १०.

आतल्या लोकांना हे दिसत नव्हतं असं नाही. २००६ च्या नोव्हेंबरात याहूच्याच ब्रॅड गार्लिंगहाउस या वरिष्ठ अधिकाऱ्याचं एक अंतर्गत पत्र वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये फुटलं. ते 'पीनट बटर मॅनिफेस्टो' म्हणून प्रसिद्ध आहे. मुद्दा एवढाच, की आपण सगळ्याच गोष्टींवर थोडं थोडं पसरतोय आणि कशावरच जाड थर नाही. आपल्याकडे चमचाभर तुपात दहा पोळ्या चोपडतात, तसं.

जून २००७ मध्ये सीईओ टेरी सेमेल गेले आणि जेरी यांग स्वतः खुर्चीवर बसला. २९ जानेवारी २००८ ला कंपनीनं हजारेक लोकांची कपात जाहीर केली. आणि दोनच दिवसांनी, ३१ जानेवारीला, मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामरचं पत्र याहूच्या संचालक मंडळाकडे आलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टनं ते जगजाहीर केलं, म्हणजे 'विचार करून सांगतो' म्हणायची सोयच नाही.

शेअरमागे ३१ डॉलर. आदल्या दिवशीचा बंद भाव होता १९.१८. म्हणजे ६२ टक्के जास्त. अर्धे पैसे रोख, अर्धे मायक्रोसॉफ्टच्या शेअरमध्ये. एकूण ४४.६ अब्ज, तेव्हाच्या दरानं साधारण पावणेदोन लाख कोटी रुपये. हे स्थळ पहिल्यांदा आलं नव्हतं हेही त्याच पत्रात होतं. वर्षभरापूर्वी बोलणी झाली होती आणि तेव्हा याहूनं सांगितलं होतं, की आमची नवी पनामा सिस्टिम येतेय, आता विकायची वेळ नाही. वर्षभरात काही बदललं नाही, हे बामरनं पत्रात सभ्य भाषेत ऐकवलं होतं.

११ फेब्रुवारीला संचालक मंडळानं नकार कळवला. ही किंमत आमचं खरं मूल्य खूपच कमी धरते, असं कारण दिलं. मग मूल्य कशाकशात आहे त्याची यादी दिली: आमचा ब्रँड, जगभरचे वापरकर्ते, जाहिरातींच्या सिस्टिमवर नुकताच केलेला खर्च, पुढची वाढ, नफ्याची क्षमता... आणि सगळ्यांत शेवटी, इतर कंपन्यांत असलेली आमची गुंतवणूक. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इथं इंजिनिअर म्हणून मला एक गोष्ट फार लागली. आपण या बातम्या वाचतो तेव्हा बामर, यांग, वकील आणि बँकर एवढेच दिसतात. पण त्याच महिन्यात, १९ फेब्रुवारी २००८ ला, याहूच्या सर्च टीमनं जाहीर केलं की वेबचा सगळा नकाशा बनवायचं काम आम्ही आता हडूपवर चालवतो, १०,००० हून जास्त कोअरच्या क्लस्टरवर. तेव्हा जगात एवढं मोठं हडूप प्रत्यक्ष कामाला जुंपल्याचं उदाहरण नव्हतं. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर रात्री-बेरात्री पडणारे हडूपचे जॉब उठवत होतो, शिव्या घालत. ते ज्यांनी घडवलं ते लोक ते घडवत असताना त्यांची कंपनी विकली जाणार की नाही, हे त्यांना बातम्यांतून कळत होतं!

आणि त्यांना भीती वाटायला कारणही होतं. मायक्रोसॉफ्टनं १९९७ च्या शेवटी हॉटमेल घेतलं तेव्हा ते फ्रीबीएसडीवर चालायचं. विंडोजवर न्यायला वर्षानुवर्षं लागली. याहू तर सगळीच फ्रीबीएसडी, पीएचपी आणि ओपन सोर्सवर उभी होती. ती विंडोजवर नेणं म्हणजे चालू गाडीचं इंजिन बदलणं. फेब्रुवारीतच याहूनं कर्मचाऱ्यांसाठी एक योजना आणली, की कंपनी विकली गेली आणि त्यानंतर दोन वर्षांत कोणाची नोकरी गेली, किंवा काम बदलल्यामुळं सोडावी लागली, तर त्याला भरपाई मिळेल. लोकांना आधार आणि घेणाऱ्याचा खर्च वाढवणं, एका दगडात दोन पक्षी.

एप्रिलमध्ये बामरनं तीन आठवड्यांची मुदत दिली. याहूनं त्याच आठवड्यात जाहीर केलं, की आम्ही आमच्या सर्चवर थोड्या प्रमाणात गूगलच्या जाहिराती लावून बघतोय. पुन्हा ओट्यावर गूगल! ३ मे ला यांग आणि फिलो सिएटलला जाऊन बामरला भेटले. मायक्रोसॉफ्ट ३३ डॉलरपर्यंत चढली होती, म्हणजे सुमारे ५ अब्ज जास्त. याहू ३७ वर अडली. चार डॉलरवरून बोलणी मोडली आणि त्याच दिवशी बामरनं ऑफर मागं घेतली. सोमवारी बाजार उघडला तेव्हा याहूचा भाव सुमारे १५ टक्क्यांनी पडून २४.३७ झाला.

पुढचं सगळं उतारावरचं. कार्ल आयकान नावाचे बडे गुंतवणूकदार शेअर घेऊन भांडायला आले आणि जुलैत संचालक मंडळात तीन जागा घेऊन शांत झाले. जूनमध्ये गूगलबरोबर जाहिरातींचा मोठा करार झाला, पण अमेरिकी सरकारच्या न्याय खात्यानं डोळे वटारले आणि नोव्हेंबरमध्ये गूगलनं अंग काढून घेतलं. त्याच महिन्यात यांगनं सीईओपद सोडत असल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात लेहमन बुडाली होती, सगळं जगच पडलं होतं, त्यात याहू दहा डॉलरच्या खाली गेली. जुलै २००९ मध्ये शेवटी याहूनं आपलं सर्च दहा वर्षांसाठी मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर चालवायचं मान्य केलं. तेव्हा आगाऊ रक्कम शून्य. ज्यासाठी एवढं रामायण झालं ते सर्च मायक्रोसॉफ्टला कंपनी न घेताच मिळालं.

इथपर्यंत विनोद बरोबर आहे. आता दुसरी बाजू.

२००५ मध्ये याहूनं १ अब्ज डॉलर आणि आपला चीनमधला धंदा देऊन एका चिनी कंपनीचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला होता. तिचं नाव अलीबाबा. यांग आणि जॅक मा यांची ओळख १९९७ ची, मा त्याला चीनची भिंत दाखवायला घेऊन गेला होता. म्हणजे नकारपत्राच्या यादीत सगळ्यांत शेवटी 'इतर गुंतवणूक' म्हणून जे होतं, त्यात हा हिस्सा होता. मायक्रोसॉफ्टनं याहू घेतली असती तर तोही बरोबर गेला असता.

२०१२ मध्ये याहूनं त्यातला जवळपास अर्धा विकला, सुमारे साडेसात अब्ज आले. सप्टेंबर २०१४ मध्ये अलीबाबा शेअर बाजारात आली तेव्हा आणखी नऊ अब्जांच्या वर आले, आणि तरीही मोठा हिस्सा हातात उरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये याहूचा भाव ५० डॉलरच्या वर गेला. ३१ नाही, ३३ नाही, यांगच्या ३७ च्याही वर! व्हेरायझननं २०१७ मध्ये ४.४८ अब्जांना जे घेतलं ते फक्त मेल, बातम्या, फायनान्स वगैरे चालतं दुकान. अलीबाबाचा हिस्सा मागं राहिला, त्या उरलेल्या कंपनीचं नाव अल्टाबा ठेवलं, आणि ती गुंडाळायला घेतली तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये भागधारकांना पहिल्याच हप्त्यात शेअरमागे ५१.५० डॉलर रोख मिळाले.

म्हणजे २००८ मध्ये 'नाही' म्हटल्यावर जो भागधारक शेअर कपाटात टाकून झोपी गेला, तो ३१ डॉलरवाल्यापेक्षा फायद्यात उठला. ४४.६ विरुद्ध ४.४८ ही तुलनाच चुकीची आहे. आंब्याची आख्खी पेटी आणि नंतर उरलेलं गवत, यांच्या भावाची तुलना केल्यासारखी. (तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, की अर्धे पैसे मायक्रोसॉफ्टच्या शेअरमध्ये मिळणार होते, तो तर ऑफरच्या वेळी ३२ च्या आसपास होता आणि २०२१ संपेपर्यंत त्याचे दहापट झाले. बरोबर आहे. पण मधली पाच वर्षं तो जागचा हलला नव्हता, तेवढा धीर कोणी धरला असता? मागं वळून बघताना सगळेच ज्योतिषी.)

मग काय, याहूचं 'नाही' बरोबर होतं? मला क्षणभर तसं वाटलं. मग एक तारीख दिसली आणि मी थांबलो.

ऑक्टोबर २०१४ मध्ये याहूनं बेंगळुरूच्या केंद्रातली बरीचशी इंजिनिअरिंग टीम बंद केली. त्याच्या आदल्या महिन्यात अलीबाबा बाजारात आली होती आणि पुढच्या महिन्यात याहूचा भाव पन्नाशी ओलांडणार होता. आपल्यासारखेच लोक, बॅज लावून येणारे, त्यातल्या कितीकांचे होमलोनचे हप्ते चालू असतील. कंपनीच्या शेअरला चांगले दिवस आले होते तेव्हा कंपनीला त्यांची गरज उरली नव्हती. कारण शेअरची किंमत ते लिहीत असलेल्या कोडमधून येतच नव्हती. पुढंपुढं तर बाजार याहूच्या स्वतःच्या धंद्याची किंमत शून्याच्याही खाली धरत होता, सगळा भाव अलीबाबा आणि याहू जपानच्या हिश्श्यांचा.

म्हणजे एकाच 'नाही'चे दोन जमाखर्च आहेत. भागधारकाच्या वहीत ते 'नाही' शेवटी फायद्याचं निघालं, तेही भलत्याच कारणानं. जी वस्तू वाचवायची म्हणून 'नाही' म्हटलं ती वस्तू मात्र वाचली नाही. सर्च गेलं. मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झाला. याहू ग्रुप्स २०२० च्या शेवटी. २०१३ मध्ये झालेल्या चोरीत तीनशे कोटी, म्हणजे तेव्हाची झाडून सगळी खाती गेली होती हे २०१७ मध्ये कळलं. त्यात आमच्या बाबांचंही आलं.

असं का झालं? मला वाटतं, याहूनं फक्त किमतीला 'नाही' म्हटलं. ३१ नको, ३३ नको, ३७ द्या. पण 'मग आम्ही काय करणार' याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं, किंवा होतं ते म्हणजे गूगलच्या जाहिराती लावू. प्रतिस्पर्ध्याच्या हातात जायचं नाही म्हणून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या दारात उभं राहायचं, हा बेत नव्हे.

गंमत म्हणजे याच याहूला दोन वर्षांपूर्वी असंच एक 'नाही' ऐकायला मिळालं होतं. २००६ मध्ये याहू फेसबुकला सुमारे १ अब्ज डॉलर द्यायला तयार होती. झुकेरबर्ग तेव्हा २२ वर्षांचा, माझ्यापेक्षा लहान. त्यानंही नाकारलं. पण त्या सप्टेंबरात त्यानं न्यूज फीड आणलं, लोकांनी आरडाओरडा केला तरी मागं घेतलं नाही, आणि त्याच महिन्यात फेसबुक सगळ्यांना खुलं केलं. त्याच्या 'नाही'च्या मागं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करायचं काम होतं. फेसबुकनं पुढं काय काय करून ठेवलं तो वेगळा विषय, पण एवढं खरं.

असो. परवा पुन्हा टाउनहॉल झाला. शेवटी 'काही प्रश्न?' विचारलं तेव्हा मी हात वर केला. भरती झाल्यापासून पहिल्यांदाच. म्हटलं, "आपण नाही म्हटलं ते ठीकच. पण त्यांच्याकडे गेलो असतो तर जे करता आलं नसतं, असं आपण येत्या वर्षात काय करणार आहोत?" सीईओ दोन सेकंद गप्प राहिला. मग मार्कर घेऊन बोर्डवर लिहायला लागला. लिहून झालं तेव्हा मी मोजलं, नऊ मुद्दे होते. मला तुपाचा चमचा आणि दहा पोळ्या आठवल्या.

तो स्वतःच बोर्डाकडे बघत राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, "हे फार झालं ना?" आणि पुसायला लागला. तीन उरले. त्यातला दुसरा माझ्या टीमचा आहे.

तीनही जमतील की नाही मला माहीत नाही. ईसॉपचं गणित मनातून काढून टाकलंय, फ्लॅटचा हप्ता पगारातूनच भरायचाय. पण सोमवारी सकाळी ऑफिसला जाऊन काय करायचं, ते तरी कळलं.

बाबांना फोनवर ही सगळी याहूची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतली त्यांनी. म्हणाले, "म्हणजे माझा पासवर्ड बदलायचा का?"

हो बाबा. आता तरी बदला :)